निलगिरीच्या बागा आणि आपण पाहुणे मंडळी

लहानपणी सर्दी झाली की आई रुमालाच्या कोपऱ्यावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकायची आणि तो रुमाल शाळेच्या सदऱ्याच्या खिशात कोंबायची. त्या उग्र वासापलीकडे निलगिरी म्हणजे काय, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. मराठीत झाडाचेही नाव निलगिरी, तेलाचेही निलगिरी आणि दूर दक्षिणेतल्या डोंगराचेही निलगिरी. तेव्हा झाड त्या डोंगराचे असणार, हा हिशेब सरळ होता. १९९१ साली बँकेने माझी बदली कुन्नूरला केली आणि मेट्टुपालयमहून दातेरी रुळांवरची गाडी धापा टाकत वर चढू लागली, तेव्हा खिडकीतून दिसणारी ती उंच, पांढऱ्या खोडाची झाडे पाहून मी पत्नीला मोठ्या अधिकाराने म्हणालो, ‘‘बघ, ही आपली निलगिरी. आता ती तिच्या माहेरी दिसतेय.’’

माहेर कसले! ते झाड ऑस्ट्रेलियाचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साहेबाने ते इथे आणले, ते मुख्यतः सरपणासाठी. थंडीच्या गावात शेगड्या पेटत्या ठेवायला जळण लागे आणि इथली मूळची झाडे वाढायला फार वेळ घेत. ज्या डोंगराचे नाव आपण मराठी माणसांनी झाडाला देऊन टाकले, त्या डोंगराचे ते झाड नव्हेच. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने सांगितली नाही. सांगितली ती आमच्या शाखेत आवर्ती ठेवीचा हप्ता भरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याने, तीही काउंटरच्या जाळीतून, सुटे पैसे मोजता मोजता.

मी तिथे तीन वर्षे होतो. त्या तीन वर्षांत आणि नंतरच्या चार-पाच फेऱ्यांत निलगिरीतल्या सरकारी बागा मी जितक्यांदा पाहिल्या, तितक्यांदा आमच्या वाईतली बागही पाहिली नसेल. आज त्यांच्याविषयी लिहायचे कारण वेगळेच आहे. सुटीत उटीला जाऊन आलेली मंडळी भेटतात. ‘काय पाहिलेत?’ विचारले की उत्तर येते : ‘बोटॅनिकल गार्डन, लेक, रोझ गार्डन, दोडाबेट्टा.’ ‘बागेत काय पाहिलेत?’ विचारले की क्षणभर शांतता पसरते आणि मग, ‘छान आहे हो, फुले होती,’ एवढेच. फुले तर लग्नाच्या मांडवातही असतात. माझे म्हणणे असे, की आपण ह्या बागांत जातो खरे, पण त्या पाहत नाही. आणि आपण पाहत नाही म्हणून त्या चालवणाऱ्यांनाही हळूहळू वाटू लागते, की लोकांना हिरवळ आणि कारंजेच हवे आहे.

उटीच्या बागेचा जन्म अगदी घरगुती गरजेतून झाला. जॉन सलिव्हन हा कोइमतूरचा कलेक्टर १८१९ साली ह्या डोंगरावर आला, हवेच्या प्रेमात पडला आणि त्याच्यामागून हळूहळू गोऱ्यांची वस्ती झाली. वस्तीला कोबी-बटाटे हवेत आणि तेही रास्त भावात. म्हणून १८४०च्या दशकात काही जणांनी महिन्याची वर्गणी काढून भाजीचा मळा सुरू केला. आपल्याकडच्या सोसायटीत वर्गणीवर चालणाऱ्या गोष्टींचे जे होते तेच त्याचेही झाले, तो चालेना. मग सरकार मध्ये पडले आणि १८४८ मध्ये इंग्लंडमधल्या क्यूच्या बागेत तयार झालेला विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर हा बागकामगार इथे नेमला गेला. दोडाबेट्ट्याच्या उतारावर दलदल, झाडी आणि दगड ह्यांतून त्याने जी बाग उठवली, ती आज सुमारे २२ हेक्टर आहे. म्हणजे कोबीतून बाग निघाली. हे मला फार आवडते.

फाटकातून आत शिरले की पुढ्यात ती प्रसिद्ध हिरवळ येते. नव्वद टक्के लोक तिथेच थांबतात, फोटो काढतात, शेंगदाणे खातात आणि परततात. माझा सल्ला असा, की हिरवळीकडे पाठ करून चढायला लागावे. बाग ही डोंगराच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली आहे आणि जसजसे वर जावे तसतशी गर्दी गळत जाते. वाटेत दगड झालेले एक खोड ठेवलेले आहे. त्याचे वय दोन कोटी वर्षे सांगतात. त्याच्यापाशी मुले जरूर थांबवावीत. ‘हे झाड होते आणि आता दगड आहे,’ एवढे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरते. ‘मंकी पझल’ नावाचे चिलीकडचे झाड आहे, त्याची पाने अशी टोकदार आणि खवल्यांसारखी की माकडालाही चढताना कोडे पडावे. बूच ज्याच्या सालीपासून होते ते झाड आहे. आपण आयुष्यभर बाटल्यांची बुचे उघडली, पण ती येतात कुठून हे मला वयाच्या तिशीत तिथे कळले.

अगदी वर, बागेच्या माथ्यालगत, तोडा लोकांची वस्ती आहे. त्यांच्या भाषेत नव्हे, पण इंग्रजांनी रूढ केलेल्या शब्दात तिला ‘मंड’ म्हणतात. पिंपासारखे अर्धगोल छप्पर आणि वाकून रांगत शिरावे इतके लहान दार, अशी त्यांची पारंपरिक घरे. ही माणसे बागेच्या आधीची आहेत. ज्या जमिनीवर सलिव्हनने घर बांधले आणि पुढे सारे गाव वसले, तीही त्यांच्याच म्हशींची कुरणे. आपले पर्यटक तिथे जाऊन घराच्या दारात डोके घालतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ते बागेतले प्रदर्शन नव्हे, कुणाचे तरी घर आहे. दुरून नमस्कार करावा, काळ्या-लाल भरतकामाची शाल विकायला असली तर रास्त दाम देऊन घ्यावी आणि उतरावे.

आता थोडे बँकेविषयी. वाचकांनी क्षमा करावी, पण पस्तीस वर्षांची सवय अशी जात नाही. व्यापाऱ्याला मालाच्या तारणावर कर्ज दिले, की तो दरमहा मालाचे पत्रक देतो : इतकी पोती, इतके डबे. अधिकाऱ्याने मग अचानक गोदामात जाऊन पाहायचे असते, की कागदावर आहे ते गोदामात आहे का आणि गोदामात आहे ते कागदावर आहे का. पुष्कळ वेळा पुढची रांग भरलेली आणि मागे रिकामी खोकी, असा प्रकार सापडतो. वनस्पतिबागेला साध्या बागेपासून वेगळे करते ती हीच गोष्ट. इथे प्रत्येक झाडाची नोंद असावी लागते : नाव काय, आले कुठून, लावले केव्हा, मेले तर कशाने. उद्यानात झाड मेले तर त्या जागी दुसरे लावून भागते. वनस्पतिबागेत मेले तर एक नोंद मेलेली असते आणि ती भरून काढायला कधी कधी समुद्रापलीकडे पत्र लिहावे लागते. मॅकआयव्हरची सारी हयात अशा पत्रव्यवहारात गेली. म्हणून मी बागेत गेलो की आधी पाट्या पाहतो. पाटी गंजली असेल, नाव पुसले असेल किंवा (हेही पाहिले आहे) पाटी एका झाडाची आणि उभे दुसरेच असेल, तर मला त्या मागच्या रिकाम्या खोक्यांची आठवण होते.

ह्या पत्रव्यवहाराचे मोल नुसते हौसेचे नव्हते. हिवतापाने हा देश शतकानुशतके पोखरला होता आणि त्यावरचे औषध, ज्याला आपले आजोबा कोयनेल म्हणत, ते दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीत होते. १८६०च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कहॅमच्या मोहिमेने ती रोपे आणि बी पेरूकडून मिळवले आणि ते वाढवायची जबाबदारी आली उटीच्या ह्याच बागवानावर. दोडाबेट्ट्यावर आणि नडुवट्टमला मळे उभे राहिले. झाड तोडून साल काढली की झाडही जाते आणि पुढचे पीकही. मॅकआयव्हरने सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या खोडावर ओले शेवाळ गुंडाळायचे, अशी युक्ती काढली; नवी साल आली ती पहिल्यापेक्षा अधिक गुणाची निघाली. खातेदाराला जिवंत ठेवून वसुली करावी, हे बँकांना समजायला पुढे बरीच वर्षे लागली. नडुवट्टमच्या मळ्यांवर राबायला चिनी कैदी आणले होते. त्यांना ठेवण्यासाठी बांधलेला तुरुंग आजही दाखवतात.

आणि इथे आपले महाबळेश्वर आठवते. तिथेही गव्हर्नर माल्कमने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वस्ती वसवली. तिथेही चिनी कैदी होते आणि ते भाजीपाला उत्तम पिकवत. चायनामन धबधब्याच्या नावात ते उरले आहेत. तिथेही सरकारने लिंगमळ्याला सिंकोना लावून पाहिला, पण महाबळेश्वरच्या पावसापुढे तो टिकला नाही आणि प्रयोग सोडून द्यावा लागला. एवढे सारखेपण असून फरक पडला तो असा, की उटीला बाग राहिली आणि आपल्याकडे पॉइंट राहिले. एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर्स सीट, विल्सन पॉइंट यांची यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण त्या पॉइंटापर्यंत ज्या जंगलातून मोटार जाते त्यातले अंजनीचे झाड कुठले आणि गेळा कुठला, हे दाखवणारी, नाव घ्यावी अशी बाग मला तिथे सापडली नाही. बरे, महाराष्ट्राला ह्या गोष्टीची परंपरा नाही असेही नव्हे. पुण्याजवळ दापोडीला १८२८ सालीच, म्हणजे उटीच्या वीस वर्षे आधी, सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर १८३८ पासून तिचा प्रमुख होता. तो तिथे फौजेसाठी औषधी वनस्पती पिकवी. त्या बागेतल्या झाडांची सुंदर चित्रे काढून घेतली होती, ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत. बाग गेली, चित्रे परदेशी राहिली.

असो. आता माझ्या आवडत्या बागेकडे वळतो.

कुन्नूरचे सिम्स पार्क १८७४ साली सुरू झाले. मद्रास सरकारातले जे. डी. सिम यांचे नाव त्याला मिळाले. उटीपेक्षा ते बरेच लहान, सुमारे १२ हेक्टर, आणि उंचीनेही बरेच खाली. त्यामुळे हवा मवाळ आणि झाडे वेगळी. ही बाग सपाट जागेवर आखलेली नाही. एक नैसर्गिक घळ होती, तिच्या दोन्ही कुशींवर जी झाडे आधीपासून उभी होती ती तशीच ठेवून मधल्या मोकळ्या जागांत बाहेरची लावत गेले. फाटक वर, रस्त्याला. बाग खाली उतरत जाते आणि तळाशी एक लहानसे तळे आहे. म्हणजे आत शिरल्या शिरल्या आपण झाडांच्या शेंड्यांशी डोळे भिडवून उभे असतो आणि एकेक वळण उतरत त्यांच्या बुंध्याशी पोचतो. झाडाची ओळख वरून खाली अशी होते. मला तरी असे दुसरीकडे कुठे घडल्याचे आठवत नाही.

झाडाएवढे वाढलेले नेचे इथे आहेत. आपल्याकडे सह्याद्रीत नेचा म्हणजे ओल्या भिंतीवरची वीतभर वनस्पती. इथे त्याला खोड आहे आणि माणसाच्या डोक्यावर तो छत्री धरतो. ओक आहेत, मॅग्नोलिया आहे, कापूर आहे, दालचिनी आहे. आणि रुद्राक्षाचे झाड आहे. आमच्या शेजारच्या सातारकर काकू एकदा आल्या होत्या, त्यांना मी ते दाखवले. त्यांनी आधी हात जोडले आणि मग खाली पडलेले निळसर फळ उचलून विचारले, ‘‘अहो, हे निळे कसे? रुद्राक्ष तर तपकिरी.’’ निळी साल आणि गर काढल्यावर आतली जी खडबडीत आठोळी राहते तो आपला रुद्राक्ष, हे कळल्यावर त्या एवढ्या खूश झाल्या, की पुढचे धबधबे पाहायला आल्याच नाहीत. पत्नीशी तळ्याकाठी बसून त्यांनी दोन तास गप्पा मारल्या. बाग कशी पाहावी, ह्याचा मी पाहिलेला हा उत्तम नमुना.

पार्कासमोरच पाश्चर इन्स्टिट्यूटची १९०७ पासूनची लाल इमारत आहे, कुत्रे चावल्यावरच्या लशीचे जुने ठिकाण. दर मे महिन्यात पार्कात फळांचे प्रदर्शन भरते आणि उटीला फुलांचे. खरे सांगायचे तर हे दोन्ही टाळावे. आंब्या-द्राक्षांचे हत्ती आणि फुलांचे राजवाडे पाहायला लाख माणूस लोटते आणि झाडे गर्दीत बुडून जातात.

उटीचे गुलाबांचे उद्यानही असेच. ते मी तिथून निघाल्यावर १९९५ मध्ये, उटीच्या पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त सुरू झाले. एल्क हिलच्या उतारावर पाच टप्प्यांत हजारांवर वाण लावले आहेत. २००६ साली जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघाने त्याचा गौरवही केला. गुलाबाच्या शौकिनाने अवश्य जावे. मी शौकीन नाही. मला ते लग्नसराईतल्या साड्यांच्या दुकानासारखे वाटते. एक छान, दुसरी छान, तिसऱ्यापासून पाहणे थांबते.

इथपर्यंत मी बागांचे गुणच गायले. आता जे सांगायचे आहे ते माझ्याही अंगाशी येणारे आहे.

उटीहून अव्हलांचीच्या बाजूला जाताना रस्त्याच्या कडेने पिवळ्याधमक फुलांची झुडपे दिसतात. पाने नावाला, सारी काडी फुलांनी भरलेली. १९९३च्या उन्हाळ्यात मी, पत्नी आणि मुलगी तिकडे गेलो होतो. पत्नीला ते झुडूप फार आवडले. तिच्या भावाचे पाचगणीला घर आहे, तिथल्या कुंपणाला ते शोभेल म्हणून आम्ही वाळलेल्या शेंगा कागदी पिशवीत गोळा केल्या. बँकेच्या मॅनेजरला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी तो म्हातारा माळी हप्ता भरायला आला, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने पिशवी त्याच्यापुढे धरली आणि बी कसे पेरावे ते विचारले. त्याने एक शेंग दाबली, ती फटकन फुटली आणि बी टेबलावर उडाले. तो खाली वाकून एकेक बी वेचू लागला. मला वाटले, मला मदत करतो आहे. सगळे वेचून झाल्यावर त्याने पिशवी घेतली, बाहेरच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकली आणि परत येऊन म्हणाला, ‘‘सार, हे पाहुणे म्हणून येते. मग घरच्यांना बाहेर काढते.’’

सर्व कर्मचाऱ्यांदेखत हे झाले. मला राग आला. चार दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. घरी पत्नी म्हणाली, ‘‘अहो, जळून गेले ते गेले. त्याला विचारा तरी का जाळले.’’ विचारायला मी सिम्स पार्कात नव्हे, त्याच्या कामाच्या जागी गेलो, तेव्हा त्याने कुदळ ठेवली आणि मला कळले ते असे.

ते झुडूप युरोपातले. तिथल्या आठवणीसाठी कुणी मडमेने वा साहेबाने शोभेला आणून लावले. बागेच्या कुंपणाबाहेर ते पडले आणि वरच्या पठारावर पसरत गेले. तेच ऑस्ट्रेलियाच्या वॉटल ह्या बाभळीच्या जातभाईचे. त्याची तर स्वातंत्र्यानंतर सरकारने मुद्दाम लागवड केली, कातडी कमावायला साल मिळावी म्हणून. निलगिरीची झाडे तर होतीच. लावले कुठे? जिथे ‘काहीच नव्हते’ तिथे, म्हणजे गवताळ टेकड्यांवर. पण निलगिरीच्या माथ्याचे मूळ रूप तेच आहे : उघड्या टेकड्यांवर गवत आणि दोन टेकड्यांमधल्या घळीत बुटक्या, दाट, शेवाळलेल्या झाडांचे रान. त्या रानाला ‘शोला’ म्हणतात. गवत पावसाचे पाणी धरून ठेवते, शोला ते झिरपू देते आणि उन्हाळ्यात खालच्या नद्यांना ते मिळते. साहेबाने गवताला पडीक म्हटले आणि आपल्या वनखात्यानेही त्याचीच री ओढली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, सगळ्यात सुरक्षित ठेवीला कुणी तरी बुडीत कर्ज म्हणून नोंदले आणि खाते बंद केले. त्या गवतावर बारा वर्षांनी एकदा फुलणारी कुरिंजी असते, आपल्या कारवीची बहीण; २०१८ साली दक्षिणेतल्या डोंगरांवर तिचा बहर आला होता. शोलात ऱ्होडोडेंड्रॉनचे लाल गुच्छ येतात. तो हिमालयातला, मधला सारा हिंदुस्थान ओलांडून इथे कसा पोचला, ह्यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. आपल्या जांभळाचे आणि सोनचाफ्याचे भाऊबंदही शोलात आहेत.

तेव्हा बाग ही पुण्याचीच जागा असते असे नाही. कोयनेल इथून गेले आणि डोंगर गिळणारी झुडपेही अशाच हौसेतून आली. पाचगणीच्या हवेत ते बी रुजले असते की नाही, कोण जाणे. पण ते न्यायचे, हे आम्ही किती सहज ठरवले होते! तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये अशा घुसखोर वनस्पती काढण्याचे धोरण जाहीर केले, न्यायालयानेही त्यात लक्ष घातले. काम पिढ्यांचे आहे. वॉटलचे बी जमिनीत वर्षानुवर्षे दबा धरून बसते. माझी सूचना एवढीच, की उटीच्या बागेत वॉटल आणि त्या पिवळ्या झुडपाजवळ एक मोठी पाटी असावी आणि तिच्यावर हे सगळे लिहिलेले असावे. परदेशी झाडाची पाटी त्याच्या देशाचे नाव सांगते; त्याने इथे येऊन काय केले तेही सांगू दे. आणि हिरवळीचा एक तुकडा कमी करून तिथे निलगिरीचे स्वतःचे गवत लावावे. उटीला येऊन लाखो माणसे परदेशी गवत पाहतात आणि उटीचे पाहत नाहीत, ह्याला काय म्हणावे?

हे अशक्य नाही. निलगिरीच्या पश्चिमेला वायनाडात, पेरियाजवळ, वुल्फगांग थॉयरकाउफ नावाच्या जर्मन गृहस्थाने १९८१ मध्ये काही एकर जमिनीवर पश्चिम घाटातल्या विरळ होत चाललेल्या वनस्पती गोळा करून जगवायला सुरुवात केली. जिथे रस्ता व्हायचा, धरण व्हायचे, तिथली झाडे-नेचे-आमरी उचलून आणून ह्या गुरुकुलात त्यांना आसरा दिला. २०१४ मध्ये ते गेले. काम त्यांच्यामागे तिथल्या मंडळींनी, त्यात शेजारच्या गावच्या बायका पुष्कळ, चालवले. ती सहलीची बाग नव्हे. आधी विचारल्याशिवाय जाऊ नये. पण त्यांच्या तेरड्यांच्या संग्रहाविषयी ऐकले तेव्हा मला आमच्या घरच्या गौरी आठवल्या. भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळासकट उपटून, धुऊन, चौरंगावर बसवायची. आई त्यांना खड्यांच्या गौरींइतकेच मानायची. त्या तेरड्याच्या कितीतरी जाती पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाहीत. आमच्या कासच्या पठारावर तो गुलाबी गालिचा होतो, तोही त्यांतलाच. २०१२ मध्ये कास जागतिक वारशात गेले आणि लगोलग आपण त्याला पायाखाली तुडवायला धावलो, मग कुंपण घालावे लागले.

२०२४च्या डिसेंबरात नातीला घेऊन पुन्हा गेलो. आता निलगिरीत मोटार न्यायला आधी ई-पास काढावा लागतो; मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून ही पद्धत आली आणि २०२५च्या उन्हाळ्यासाठी न्यायालयाने रोज सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार, अशी मोटारींची मर्यादाही घातली. लोक कुरकुरतात. हॉटेलवाले तर फारच. मला तो आदेश योग्य वाटतो. गोदामाची क्षमता असते; तिच्याबाहेर माल कोंबला की पोती फाटतात. महाबळेश्वर-पाचगणीला दिवाळीच्या सुटीत घाटात पाच-पाच तास अडकून पडणाऱ्यांनी तरी ह्या गोष्टीला हसू नये. आपल्याकडेही हे कधी तरी करावे लागेल, आणि करायचेच असेल तर येणाऱ्या माणसाला पॉइंटांवरच्या मक्याच्या कणसांपलीकडे काही पाहायलाही द्यावे. महाबळेश्वरच्या एखाद्या सरकारी आवारात चार एकर पुरतील. अंजनी, गेळा, हिरडा, जांभूळ, कारवी, डोंगरावरचे तेरडे. प्रत्येकाला नीट मराठी पाटी, आणि दोन पगारी, कायम माळी. रंगीत दिव्यांची कारंजी नकोत. त्यांचा खर्च वाचवला तरी माळ्यांचे पगार निघतील.

नातीला मी उटीची हिरवळ दाखवली, ती तिच्यावर लोळली, ते ठीकच. मग दगडाचे झाड पाहिले. कुन्नूरला रुद्राक्षाखाली तिला तीन फळे सापडली, दोन तिने माझ्या हातात दिली आणि एक मुकाट्याने स्वेटरच्या खिशात टाकले. मी पाहिले. काय करावे ते सुचेना. त्या म्हाताऱ्याची चौकशी केली; तो गेल्याला बरीच वर्षे झाली, असे नव्या माळ्याने सांगितले. मग नातीला त्या पिवळ्या झुडपाची गोष्ट सांगितली. तिने खिशातले फळ काढले, पुन्हा एकदा निरखले आणि म्हणाली, ‘‘आजोबा, पण हे तर भारतातलेच आहे ना?’’ ह्यावर मला उत्तर आले नाही. फळ तिने झाडाखाली ठेवले, पण माझ्यावर दिवसभर थोडी रुसलेली होती.

कुणाला जायचे असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात जावे, मे महिन्यात नको. उटीच्या बागेत फाटक उघडताच शिरावे आणि सरळ वर चढावे. सिम्स पार्क कुन्नूर स्टेशनापासून तीनेक किलोमीटर आहे. चढ आहे, पण गुडघे धड असतील तर चालतच जावे. बरोबर एक वही असू द्यावी. आणि पाटी पुसलेली दिसली तर कचेरीत जाऊन सांगावे. मी दोनदा सांगितले, एकदा नवी लागली.